एका तुळईच्या परवानगीबाबत

मेहेरबान अधिकारी महाशयांस,

माझा नववा अर्ज आपल्या बारनिशीत दाखल झाल्याची पोच मिळाली. पोच देण्याच्या कामी आपल्या खात्याइतके तत्पर खाते पुणे शहरात दुसरे नसावे. आधीच्या आठ अर्जांचा मजकूर दफ्तरी आहेच, तेव्हा वाड्याची हकीकत पुन्हा सांगून आपल्याला तसदी देत नाही.

मागणी एका तुळईची आहे. माजघरावरची ही सागवानी तुळई उत्तरेच्या भिंतीत जिथे शिरते तिथे कुजली, आणि त्यास कारण आमच्याच घरच्या मागल्या पिढीने, शहाणपण म्हणून, त्या भिंतीस केलेला सिमेंटचा गिलावा, हे मी पहिल्याच अर्जात कबूल केले आहे. चुन्याच्या गिलाव्यातून मातीच्या भिंतीची जी ओल सुकून जात असे ती सिमेंटाने आत कोंडली, व कोंडलेल्या ओलीने लाकडाची वाट धरली. बोटाच्या पेराने ठोकले तर मधोमध खणखणीत आवाज येतो, भिंतीजवळ भोपळ्यासारखा. सुताराने तिथे पटाशी लावली, ती चार बोटे आत गेली आणि ओल्या चहापत्तीसारखा भुगा घेऊन बाहेर आली.

आमचा वाडा शनिवारवाड्याच्या तटापासून शंभर मीटरांच्या आत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने या हद्दीत नवे बांधकाम निषिद्ध झाले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची डागडुजी करण्यास परवानगी मागता येते, असे तोच कायदा सांगतो. मुदतीही तोच सांगतो : अर्ज पुढे धाडण्यास पंधरा दिवस, शिफारशीस दोन महिने, अखेरच्या उत्तरास एक महिना, बेरीज साडेतीन महिने. माझा पहिला अर्ज ८ नोव्हेंबर २०२१ चा. साडेतीन वर्षे झाली. आपण महिन्यांच्या जागी वर्षे वाचलीत इतकेच, आणि साडेतीनाचा आकडा या शहरास मानवतो. पेशवाईतले शहाणेही साडेतीनच होते.

या अवधीत नऊ अर्ज, सहा स्मरणपत्रे, चौदा हेलपाटे, आणि एकदा आपले तपासनीस येऊन तुळईऐवजी दिंडी दरवाजाचे फोटो काढून गेले. ज्या वास्तूच्या नावाने हे सारे चालले आहे तिचे भूमिपूजन थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी केले व वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली : दोन वर्षे बारा दिवस, खर्च १६,११० रुपये. तेवढ्यात पेशव्यांचा वाडा उभा राहिला. आपल्याकडून एका तुळईवर शेरा आला नाही.

शिवाय त्या वाड्यात आज लाकूड आहे कुठे? १८२८ च्या आगीने ते जवळजवळ सारे नेले. तट, बुरूज, जोती आणि दरवाजे उरले. सुरूचे खांब, त्यांखालचे दगडी तळखडे, महिरपी, कडीपाट हे काय प्रकरण होते, हे ज्यास पाहायचे असेल त्यास भोवतालच्या पेठांतल्या आमच्यासारख्या पडक्या घरांतच यावे लागते. त्यांपैकी कित्येक १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात मातीच्या भिंती भिजून बसली. म्हणजे जे जळून गेले त्याच्या शेजाराचा मान राखण्यासाठी जे शिल्लक आहे ते कुजू द्यावयाचे, असा हा न्याय. इंग्लंडात १९३७ साली कायदा करून जुन्या हवेल्यांच्या धन्यांना सोय करून दिली, की वास्तू बागबगीच्यासह न्यासाकडे सोपवावी आणि तिथेच राहावे. आमच्या परसात हौद आहे, प्राजक्त आहे, आणि बाग म्हणण्याइतकी जागाही नाही. तसले काही आम्ही मागतच नाही.

दरम्यान दुसरे एक खाते दर वैशाखात दिंडीवर नोटीस डकवते की वाडा धोकादायक आहे, तो ताबडतोब दुरुस्त करावा अन्यथा उतरवावा. दुरुस्त केला तर आपला गुन्हेगार, न केला तर त्यांचा. कधी कधी शंका येते, की वाडा आपोआप पडावा व फाईल आपोआप बंद व्हावी, हीच आपली कार्यपद्धती असावी. शंका खोटी असल्यास आपण लेखी कळवावे. तेवढे एक तरी उत्तर हाती येईल.

नवे सागवान तीन पावसाळे ओसरीवर आडवे पडून आहे. सुताराचे वय त्र्याहत्तर. येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता दिंडी उघडी ठेवतो. आत येताना वाकावे, आणि माजघरात उभे राहताना टेकूला हात लावू नये.

कळावे.

आपला,
शनिवार पेठेतील एक घरमालक