यादी पाठवली म्हणजे काम झालं का?

जून महिना लागला की मोमिनपुरा, हंसापुरी, भालदारपुऱ्यापासून इतवारीपर्यंत प्रत्येक फोनवर एक यादी येऊन पडते. वर बिस्मिल्लाह, मध्ये तीस-चाळीस 'वजीफे', खाली कुणा भाऊंचा हसरा फोटो, आणि शेवटी विनंती: जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा, सवाब मिळवा. लोक पोहोचवतात. चुलतभाऊ मामाला पाठवतो, मामा मशिदीच्या ग्रुपवर टाकतो, तिथून ती शाळेच्या ग्रुपवर येते. एका तासात सगळ्यांचा सवाब जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी एक आई माझ्या वर्गाच्या दारात उभी राहते. "आपा, वो पहली से दसवीं वाला फॉर्म कब निकलेगा?"

तो फॉर्म निघणार नाही. केंद्र सरकारची अल्पसंख्याकांसाठीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली तेव्हा ती पहिली ते दहावीसाठी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवी त्यातून काढून टाकण्यात आली, २०२२-२३ पासूनच. कारण असं दिलं गेलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. त्याच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगण्यात आलं. नववी ते बारावीच्या मुलींना पाच-सहा हजार रुपये देणारी बेगम हजरत महल शिष्यवृत्ती गुंडाळली गेली. ती चालवणारं, १९८९ साली स्थापन झालेलं मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनच बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. आमच्या भाऊंच्या यादीत मात्र हे सगळं अजून जिवंत आहे. 'अंतिम तारीख ३० सप्टेंबर'. कोणत्या सालचा सप्टेंबर, ते लिहिलेलं नाही.

या सवयीबद्दल जरा कडक बोलायची वेळ आली आहे. आपल्याकडे यादी बनवणं ही समाजसेवेची सगळ्यात स्वस्त पद्धत होऊन बसली आहे. शाळेला पंखा द्यायचा तर पैसे लागतात, मुलांना शिकवायचं तर संध्याकाळ मोडते. यादीला काहीच लागत नाही, जुनी उचलायची आणि फोटो बदलायचा.

'काहीच नसण्यापेक्षा जुनी यादी बरी ना' असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. नाही, बरी नाही. हातगाडी लावणारा किंवा हमाली करणारा बाप उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसिलीत एक दिवस घालवतो. त्या दिवसाची मजुरी बुडते. पुन्हा सेतूचे पैसे, सायबर कॅफेवाल्याचे पैसे, फोटोकॉपी, येण्याजाण्याचा ऑटो. एवढं करून स्क्रीनवर दिसतं की अशी योजनाच नाही. तो माणूस पुढच्या वर्षी खऱ्या योजनेसाठी येईल का? "छोडो आपा, अपने को कहाँ मिलता है" असं म्हणून तो वळतो. बंद योजनेची यादी चालू योजनेचे अर्जदार खाऊन टाकते.

दुसरं नुकसान राजकीय आहे आणि त्याची चर्चाच होत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या योजनेतून वर्षाला हजार रुपये मिळायचे. मोठी रक्कम नव्हती, पण बूट आणि दप्तर त्यात येत होतं. फी माफ झाली म्हणून बूट फुकट मिळत नाहीत. सरकारने ते हजार रुपये काढून घेतले आणि मोहल्ल्याला कळलंच नाही, कारण आमच्या यादीत योजना चालूच होती! अर्ज केलेल्यांना वाटलं आपलाच फॉर्म चुकला, आपल्याच नशिबात नव्हतं. ज्या गोष्टीसाठी आमदार-खासदाराला जाब विचारायचा, तिचा राग सायबर कॅफेच्या पोरावर निघाला.

तिसरं नुकसान चोरीचं. २०२३ मध्ये खुद्द अल्पसंख्याक मंत्रालयाने तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बोगस किंवा बंद निघाल्या, १४४ कोटींहून जास्त रकमेचा घोटाळा सांगितला गेला आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. कुणाच्या तरी आधार आणि बँक खात्यांवरच हे घडलं ना? आणि आमच्या याद्यांमध्ये आजही 'इथे क्लिक करा, आधार आणि खाते क्रमांक भरा' अशा अनोळखी लिंक बिनधास्त फिरतात. पाठवणाऱ्याने ती लिंक स्वतः उघडून पाहिलेली नसते.

ज्या उम्मतने बातमी तपासण्याचं एक अख्खं शास्त्र उभं केलं, तिच्यातच हे चालावं याची मला शरम वाटते. एखादी हदीस स्वीकारण्याआधी मुहद्दिस विचारायचे की हे तू कुणाकडून ऐकलं, त्याने कुणाकडून ऐकलं, तो माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे दोघे भेटले तरी होते का. ही साखळी म्हणजे इस्नाद. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचं अस्मा-उर-रिजाल नावाचं वेगळं शास्त्रच झालं. सूरह हुजुरातमध्ये सांगितलंय की आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत लोकांचं नुकसान कराल. जुम्याच्या बयानात हे आपण ऐकतो, मान डोलावतो आणि बाहेर येऊन 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेली यादी पुढे ढकलतो. तिची इस्नाद काय? 'ग्रुपवर आली.'

आता यादीत काय नसतं ते बघा. योजनेचं नाव असतं, रक्कम असते, लिंक असते. नसतं ते हे, की कागद कुठून आणायचा.

मोमिनपुऱ्याचंच उदाहरण घ्या. ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयानंतर मुस्लिमांमधल्या मागास जातींना ओबीसीच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला. त्यासाठी शब्बीर अन्सारींसारख्या लोकांनी जिल्हे पालथे घातले, दिलीपकुमार त्यांच्या सभांना आले. मोमीन त्या यादीत आहेत. म्हणजे आमच्या विणकर मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांचा हक्क तिथे लिहिलेला आहे. पण दाखला मागायला गेलं की १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सापडतो, आणि तिथे जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग आजोबांचा भाऊ शोधा, आत्याची शाळा शोधा, जुनी जन्म-मृत्यूची नोंद काढा. 'जात प्रमाणपत्र जोडावे' या तीन शब्दांमागे हे सगळं आहे. यादीवाल्याने तीन शब्द लिहिले आणि तो मोकळा झाला.

आणि याच कागदावर पुढचं किती अवलंबून आहे ते कोणी सांगत नाही. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी आमचे बहुतेक पालक एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला शोधत फिरतात. मात्र महाराष्ट्रात ओबीसी हे वंचित घटकात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. ज्या मोमीन, बागवान किंवा कुरेशी घरात जातीचा दाखला आहे, त्यांचा रस्ता सोपा आहे. एवढी एक ओळ तीस योजनांच्या यादीपेक्षा जास्त कामाची आहे. ती मी एकाही फॉरवर्डमध्ये वाचलेली नाही.

आरटीईबद्दल तारीख न टाकता काही लिहिणं तर गुन्हाच समजावा. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, अर्ज नव्याने मागवले गेले, १९ जुलैला तो बदल रद्दच झाला. त्या पाच महिन्यांत तीन वेगवेगळी उत्तरं खरी होती. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा लागू नाही, हेही पालकांना माहीत नसतं. ते आपल्याच समाजाच्या शाळेचं नाव आरटीईच्या यादीत शोधत बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हटलं आहे. तेव्हा उद्या हेही बदलू शकतं. यादीवर दिनांक हवा, असं मी म्हणते ते यासाठी.

नावांचा घोळ तर आमचाच खास. शाळेत 'शेख मो. आरिफ', आधारवर 'मोहम्मद आरिफ शेख', बँकेत 'एमडी आरिफ'. आईचं नाव एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर 'परवीन'. संगणकाला हे तीन वेगळे लोक वाटतात आणि अर्ज परत येतो. विद्यार्थी शाळेत असतानाच रजिस्टरची नोंद दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं असतं, शाळा सुटल्यावर तेच काम डोंगर होतं. म्हणून पाचवीत प्रवेश देतानाच आधार, जन्माचा दाखला आणि शाळेचं रजिस्टर एकमेकांशी ताडून बघा, असं मी प्रत्येक उर्दू शाळेच्या शिक्षकांना सांगत असते. कामाची यादी तिथून सुरू होते.

शिक्षकांच्या ग्रुपांची तऱ्हाही फार वेगळी नाही. 'दोन हजार पुस्तकांचं फोल्डर, लगेच डाउनलोड करा'. कोणी उघडलं? दोन हजार पुस्तकांचं फोल्डर म्हणजे इतवारीतलं गोदाम झालं, त्यात कुणीतरी आत शिरून माल निवडल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती काही लागत नाही. निवडायचं तर आधी वाचावं लागतं. अडचण तिथेच आहे.

खरं तर चांगलं सामान कमी नाही. बालभारती उर्दूसह आठ भाषांत पुस्तकं काढते आणि त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. त्यांच्याच 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी-हिंदी पुस्तकांचा आणि टाकाऊतून बनवायच्या खेळण्यांचा खजिना आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते. मी त्यातून उर्दू आणि मराठी दोन्हीत असलेल्या गोष्टी काढते आणि दोन्ही पानं समोरासमोर चिकटवते. उर्दू वाचणाऱ्या मुलाला मराठी परकी वाटत नाही. शिवाय घरी उर्दूच वाचू शकणारी आई त्याच्याजवळ बसू शकते. अशा आठ गोष्टींची यादी, कोणती कोणत्या इयत्तेला जमली या शेऱ्यासकट, मला त्या दोन हजारांच्या फोल्डरपेक्षा मोलाची वाटते.

लिपीबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या बहुतेक याद्या एकतर इंग्रजीत असतात, नाहीतर नस्तालिकमधलं सुंदर चित्र असतं, ज्यातला फोन नंबर किंवा पत्ता कॉपी होत नाही. फॉर्म मात्र मराठी किंवा इंग्रजीत भरायचा असतो. 'उत्पन्नाचा दाखला' हा शब्द उर्दू यादीत 'आमदनी का सर्टिफिकेट' होतो, आणि बाई खिडकीवर जाऊन तेच मागते तेव्हा पलीकडचा बाबू डोळे वटारतो. कागदाचं सरकारी मराठी नाव आणि त्याचा उर्दू अर्थ शेजारी-शेजारी लिहायला काय हरकत आहे? पण मराठी लिहिली की आपलेच काही लोक नाराज होतात, उर्दूची शान जाते म्हणे. उर्दू मीही शिकवते. मुलीचा फॉर्म नाकारला गेला म्हणजे उर्दूची शान वाढते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबतीची मिरवणूक जाते. तिच्यातल्या बडग्यांच्या रूपाने लोक महागाई, भ्रष्टाचार, जे काय नकोसं झालंय ते रस्त्यातून फिरवून शेवटी जाळतात. एखाद्या वर्षी मुदत संपलेल्या याद्यांचाही बडगा निघावा, अशी माझी फार इच्छा आहे.

तोवर यादी काढणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. खाली फोटो असो, पण त्याच्या शेजारी ही माहिती शेवटची कुणी आणि कोणत्या तारखेला तपासली ते लिहा. बंद झालेली योजना गुपचूप वगळू नका, तिच्यावर काट मारून 'अमुक साली बंद केली' असं लिहा, म्हणजे लोकांना कळेल काय गेलं. तीस नको, पाच द्या, पण त्या पाचांचा कागद कुठे मिळतो तेही द्या. आणि ज्याला फोन करून विचारता येईल असा एक माणूस द्या. हे जमणार नसेल तर पाठवू नका, सवाबाचे दुसरे रस्ते बरेच आहेत.

माझ्या शाळेच्या दारावर सध्या एकच योजना लावली आहे, एनएमएमएस. आठवीत परीक्षा, साधारण डिसेंबरात; नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर, एक बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय अभ्यासाचा. पेपर उर्दूतूनही देता येतो. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतला विद्यार्थी हवा, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार रुपये. धर्माची अट नाही, म्हणून ती 'मुस्लिम वजीफ्यां'च्या कुठल्याच यादीत नसते. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि निवड झालेली मुलंही तिथे गळतात. अनुदानित उर्दू शाळांतल्या सहकाऱ्यांनो, आठवीच्या वर्गात जाऊन या योजनेबद्दल किती मुलांनी ऐकलंय ते उद्या हात वर करायला सांगून मोजा, आणि तो आकडा आपल्या भाऊंना पाठवा.