गाय गाभडली, तर लपवू नका

आठव्या महिन्यात गाय गाभडली. वार अडकली. घरधन्याने ती उघड्या हातानेच ओढली आणि उकिरड्यावर फेकली. संध्याकाळी त्याच गोठ्यात धार काढायला बसला, तर नातू पेला घेऊन शेजारी उभा. धारोष्ण दूध! फेसाची मिशी पुसत पोरगं हसतंय.

थांबवा त्याला. आधी दूध उकळा.

गाय गाभडते ती नजर लागून नव्हे. पुष्कळदा त्यामागे ब्रुसेला नावाचा जंतू असतो. गाय वरून धडधाकट दिसते आणि दुधातून जंतू सोडत राहते. माणसाला संध्याकाळी ताप भरतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते. टायफॉईड समजून औषधं होतात. ताप उतरतो, पुन्हा येतो. खरा आजार कळला तरी औषध दीड महिना चालतं. गरोदर लेकीसुनेचा गर्भही पडू शकतो.

१८८७ साली माल्टा बेटावर हा जंतू सापडला. तो शेळ्यांच्या दुधातून येतो हे कळायला १९०५ उजाडलं. तुम्हाला तर आजच माहीत आहे.

म्हणून विरजण लावाल तेही तापवलेल्या दुधालाच लावा. खरवसाला भिऊ नका, तो नीट शिजतो. कच्चा चीक मात्र चाटू नका. वार उघड्या हाताने काढू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

आणि तपासणी मागा. डेअरीवर रोज फॅट लागतं, कारण पैसे फॅटचे मिळतात. जंतूची चौकशी कोण करतो? तुम्ही करा. गाईच्या दुधाची साधी चाचणी आहे: नळीत दूध, त्यात रंगीत द्रावणाचा थेंब, तासभर ऊब. वरच्या सायीला निळी कडी धरली, तर जनावरांचं रक्त तपासायलाच हवं. कॅनमधल्या एकत्र दुधावरही ही चाचणी चालते.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्या असतील, तर लस टोचून घ्या. आयुष्यात एकदाच लागते. २०१९ पासून सरकारी मोहिमेत ती आहे.

गाभडलेल्या गाईला गुपचूप बाजार दाखवू नका. ती ज्याच्या दावणीला जाईल, त्याच्याही घरात पोरं आहेत. उद्यावर टाकू नका. संध्याकाळच्या धारेआधी गुरांच्या डॉक्टरांना सांगून या.