परदेशी नागरिकत्व असलेल्या नात्यातील बालकांच्या दत्तकविधानासाठी स्पष्ट कायदेशीर तरतूद करण्याबाबत निवेदन

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बाल विकास मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

मार्फत : मा. आयुक्त, महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : भारतीय कुटुंबांनी परदेशी नागरिक असलेले, विशेषतः नात्यातील, बालक दत्तक घेण्याबाबत अधिनियम व नियमावलीत दुरुस्ती करण्याची मागणी

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, परदेशात जन्मलेले व तेथील नागरिकत्व असलेले मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय कुटुंबांना आज कायद्याचा सुस्पष्ट मार्ग उपलब्ध नाही, आणि त्याची सर्वाधिक झळ ज्या मुलांना पोहोचते ती मुले अनेकदा वर्षानुवर्षे भारतातच, आपल्या काका, मामा, आत्या किंवा मावशीच्या घरी वाढत असतात. महाराष्ट्रातील दत्तक पालक व दत्तकेच्छुक कुटुंबांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत असून, सध्याच्या व्यवस्थेतील उणीव, तिचे कुटुंबांवर होणारे परिणाम आणि त्यावरील उपाय यांची मांडणी पुढीलप्रमाणे आहे.

पार्श्वभूमी

नात्यातील मूल दत्तक घेण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. बडोद्याच्या गादीसाठी १८७५ मध्ये मालेगाव परिसरातील कवळाणे येथील गायकवाडांच्या शाखेतून दत्तक घेतलेले सयाजीराव महाराज आणि कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज ही या रीतीची सर्वपरिचित उदाहरणे होत. सामान्य घरांतही निपुत्रिक भावाने भावाचे मूल घेणे, किंवा आईवडिलांचे छत्र हरपलेल्या भाच्याला मामाने आपले मूल म्हणून वाढवणे हे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थायिक झाल्यामुळे मात्र आता सख्ख्या भावंडांची मुले निरनिराळ्या देशांची नागरिक असतात. अमेरिकेत जन्मलेल्या मुलास तेथील राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार जन्मतःच नागरिकत्व मिळते, आणि भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने अमेरिकी पारपत्रावर आलेले असे मूल आजीच्या घरात राहत असले तरी सरकारदप्तरी परदेशी नागरिकच असते.

सध्याचा कायदा आणि त्यातील उणीव

भारतातील दत्तकविधान मुख्यतः दोन कायद्यांनी नियंत्रित होते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असून, काही अपवाद वगळता त्याखाली पंधरा वर्षांखालील अविवाहित मूलच दत्तक घेता येते. अन्य धर्मीय कुटुंबांना त्याचा उपयोग नाही. दुसरा कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. हा कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे आणि त्याखाली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे व्यवहारात ‘कारा’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा, देशांतर्गत व आंतरदेशीय दत्तकविधानाचे नियमन करते.

या अधिनियमाच्या कलम २ मधील ‘बालक’ या संज्ञेची व्याख्या अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती अशी असून तीत नागरिकत्वाची अट नाही. कलम ५६ (२) एका नातेवाइकाने दुसऱ्या नातेवाइकाचे मूल धर्मनिरपेक्षपणे दत्तक घेण्यास मुभा देते. आणि ‘नातेवाईक’ या संज्ञेत काका, आत्या, मामा, मावशी व दोन्हीकडचे आजी-आजोबा यांचा समावेश होतो. तथापि कलम ६० मध्ये देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या नात्यातील दत्तकाचा जो विचार केला आहे तो एकाच दिशेचा आहे : परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने भारतातील मूल कसे न्यावे हे त्यात सांगितले आहे, परंतु भारतात राहणाऱ्या नातेवाइकाने परदेशी नागरिक असलेले मूल कसे घ्यावे याविषयी ते मौन बाळगते. परदेशातील मूल दत्तक घेण्याविषयी दत्तक नियमावलीत जी तरतूद आहे तिच्यानुसार दत्तकाची प्रक्रिया प्रथम त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तेथेच पूर्ण करावी लागते, कारा गृह अध्ययन अहवालाच्या, म्हणजे समाजकार्यकर्त्याने कुटुंबाच्या घरी जाऊन केलेल्या पाहणीच्या, आधारे मान्यता देते, आणि त्यानंतर भारतीय दूतावासाकडून व्हिसा व गृह मंत्रालयाकडून प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते. मूल परदेशातच राहत आहे असे गृहीत धरून ही तरतूद रचलेली आहे. जे मूल आधीच भारतात राहते त्याचा विचार तीत नाही.

ही उणीव जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयातून ठळकपणे समोर आली. अमेरिकी नागरिक असलेले, परंतु तान्हेपणापासून भारतात वाढलेले नात्यातील मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दाम्पत्याची याचिका न्यायालयाने फेटाळली. संबंधित मूल अधिनियमातील ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ किंवा ‘विधिसंघर्षग्रस्त’ या दोन्ही वर्गांत मोडत नाही, परदेशी नागरिक असलेले मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क याचिकाकर्त्यांना नाही, आणि त्यांनी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तेथील प्रक्रिया आधी पूर्ण करावी, असा या निर्णयाचा आशय आहे. निवेदनकर्त्यांना या निर्णयाविषयी तक्रार नाही. न्यायालयाने अस्तित्वात असलेला कायदा लावला आहे, आणि त्या कायद्यात जे नाही ते भरून काढणे हे संसद व मंत्रालय यांचे काम आहे.

हेग कराराचा निकष

आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार २९ मे १९९३ रोजी संमत झाला, भारताने त्यास जून २००३ मध्ये अनुसमर्थन दिले आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तो भारतास लागू आहे; अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. या कराराच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार करार लागू होण्याचा निकष मुलाचे नागरिकत्व हा नसून त्याचे सामान्य वास्तव्य, म्हणजे मुलाचे घर, शाळा व दैनंदिन जीवन ज्या देशात स्थिरावले आहे तो देश, हा आहे. एका देशात सामान्य वास्तव्य असलेले मूल दत्तकाच्या निमित्ताने दुसऱ्या देशात नेले जाते तेव्हा हा करार लागू होतो. मूल आणि दत्तक घेणारे पालक हे दोघेही भारतातच राहत असतील तर मूल कोठूनही कोठेही न्यायचे नसते, आणि तरीही केवळ त्याच्या पारपत्रावर दुसऱ्या देशाची मुद्रा आहे म्हणून त्यास आंतरदेशीय दत्तकाच्या चौकटीत ढकलले जाते. याच कराराच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदात दत्तकेच्छुक व जैविक पालक यांच्यातील पूर्वसंपर्कास जी बंदी आहे तीतून कुटुंबांतर्गत दत्तकास स्पष्ट सूट दिलेली आहे. नात्यातील दत्तकाचे स्वरूप वेगळे असते हे करारानेच मान्य केले आहे. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या विसाव्या अनुच्छेदातही मुलाच्या संगोपनातील सातत्य जपण्यास महत्त्व दिले आहे.

कुटुंबांचा अनुभव

‘आधी त्या देशात जाऊन प्रक्रिया पूर्ण करा’ हा आदेश कागदावर सरळ दिसत असला तरी अमेरिकेच्या बाबतीत तो पाळणे बिकट आहे, कारण तेथे दत्तकाचे कायदे राज्यागणिक वेगळे असून अर्ज ऐकताना मूल किंवा पालक त्या राज्यात राहतात का हे न्यायालये सामान्यतः पाहतात. मूलही तेथे राहत नाही आणि पालकही राहत नाहीत, अशा स्थितीत कुटुंबास दोन्ही देशांच्या दारांतून परत यावे लागते, किंवा शाळेत रुळलेल्या मुलास त्याला न आठवणाऱ्या देशात केवळ एका आदेशासाठी नेऊन ठेवावे लागते.

दत्तकाचा आदेश नसल्यामुळे पुढील अडचणी रोजच्या होतात. सोळा वर्षांखालील मुलाचे अमेरिकी पारपत्र पाच वर्षांपुरतेच वैध असते आणि त्याच्या नव्या अर्जास सामान्यतः दोन्ही पालकांची संमती लागते, त्यामुळे परदेशी असलेल्या जैविक पालकांच्या सहीवाचून मुलाचा भारतातील वास्तव्याचा आधारच डळमळतो. शाळाप्रवेश, शस्त्रक्रियेची संमती, विमा, बँकखाते अशा प्रत्येक ठिकाणी सांभाळ करणाऱ्या मावशीला किंवा काकांना ‘तुम्ही मुलाचे कोण?’ या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर देता येत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयाकडून पालकत्व मिळवणे हा एक मार्ग सुचवला जातो, परंतु ते पालकत्व मूल सज्ञान होताच संपते, त्यातून आईवडील व अपत्य हे नाते निर्माण होत नाही आणि वारसाहक्कही मिळत नाही.

ज्यांचे आईवडील परदेशात मरण पावले आहेत आणि ज्यांना भारतातील आजी-आजोबा किंवा काका-मामा स्वीकारण्यास तयार आहेत अशा मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे आंतरदेशीय प्रक्रिया आवश्यकच आहे; मात्र त्या देशाचे केंद्रीय प्राधिकरण, कारा, भारतीय दूतावास आणि गृह मंत्रालय या चार टप्प्यांसाठी मिळून एक समन्वय अधिकारी व एक कालमर्यादा नसल्याने शोकातून जाणाऱ्या मुलाचे भवितव्य कार्यालयाकार्यालयांत अडकून राहते. दत्तक गेल्याने परदेशी मूल आपोआप भारतीय नागरिक होत नाही, ही बाबही कुटुंबांस बहुधा उशिराच समजते.

दक्षतेची गरज

कठोर नियमांमागील कारणांची निवेदनकर्त्यांना पूर्ण जाणीव आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी एका वकिलाने लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व त्यांतूनच पुढे आजची यंत्रणा उभी राहिली. नेदरलँड्सने २०२१ मध्ये आपल्या चौकशी समितीच्या अहवालानंतर आंतरदेशीय दत्तक स्थगित केले, तर स्वित्झर्लंडमधील झ्युरिक व थुरगाऊ या प्रांतांत १९७३ ते २००२ या काळात भारतातून नेलेल्या मुलांच्या दत्तकांची संशोधकांनी तपासणी केली आणि अनेक प्रकरणांत जैविक मातेच्या संमतीचा कागदच नसल्याचे दाखवून दिले. या अनुभवांतून मिळणारा धडा हा आहे की संमती खरी आहे का, पैशाची देवघेव झाली का, मुलाच्या जन्माची नोंद जपली आहे का, हे प्रश्न कसोशीने विचारले पाहिजेत. मुलाच्या पारपत्राचा रंग यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

२०२४-२५ या वर्षात देशात ४५१५ दत्तकविधाने झाली व त्यांपैकी ४१५५ देशांतर्गत होती, ही समाधानाची बाब आहे. भारतातून परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी ना-हरकत प्रमाणपत्र, अनुरूपता प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचा पाठपुरावा अशी तपशीलवार व्यवस्था आहे. भारतात वाढणाऱ्या किंवा भारतात येणाऱ्या मुलांसाठी तेवढीच काळजीपूर्वक व्यवस्था असावी, एवढीच अपेक्षा आहे.

मागण्या

१. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६० ला जोडून नवे कलम घालावे, ज्यायोगे किमान एक वर्ष भारतात सामान्य वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिक बालकास भारतातील नातेवाईक दत्तक घेऊ शकतील आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार दत्तकाचे आदेश देणारे जिल्हादंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतील. अधिनियमाची व्याप्ती वरील निर्णयात उल्लेखिलेल्या दोन वर्गांतील बालकांपुरती ठेवणाऱ्या कलम १ (४) मुळे या तरतुदीस बाधा येणार नाही, हेही त्यात नमूद करावे.

२. अशा प्रकरणी ज्या देशाचे नागरिकत्व मुलाकडे आहे त्या देशाचे म्हणणे कारामार्फत साठ दिवसांच्या आत मागवावे. मात्र केवळ दत्तकासाठी मुलास भारताबाहेर नेण्याची सक्ती नसावी.

३. जैविक पालकांची संमती त्यांच्या वास्तव्याच्या देशातील सक्षम अधिकाऱ्यासमोर व भारतीय दूतावासाच्या साक्षांकनासह घेतली जावी. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने गृह अध्ययन करावे. आर्थिक देवघेव झालेली नाही याची खातरजमा व्हावी. आणि कलम ६१ मध्ये अभिप्रेत असल्याप्रमाणे मुलाची इच्छा त्याच्या वयाचा व समजेचा विचार करून नोंदवावी.

४. परदेशात राहणाऱ्या अनाथ किंवा निराधार नात्यातील बालकांसाठी कारामध्ये स्वतंत्र कक्ष स्थापन करून परराष्ट्र व गृह मंत्रालयांशी समन्वय साधणारा एकच अधिकारी नेमावा व सर्व टप्प्यांची एकत्रित कालमर्यादा नियमावलीत नमूद करावी.

५. दत्तक प्रक्रिया प्रलंबित असताना मुलाचे भारतातील वास्तव्य वैध ठरवणारा व्हिसा आणि सांभाळकर्त्या नातेवाइकास शिक्षण व वैद्यकीय निर्णयांचा अधिकार देणारे तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे.

६. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ५ खालील अज्ञान मुलांच्या नोंदणीत कायदेशीर दत्तक मुलांचा समावेश आहे असे स्पष्टीकरण गृह मंत्रालयाच्या सहमतीने जारी करावे आणि अशा अर्जांवरील निर्णयास कालमर्यादा घालावी.

७. दत्तकानंतर दोन वर्षे पाठपुरावा करावा व मुलाच्या जन्माची, संमतीची आणि दोन्ही देशांतील आदेशांची कागदपत्रे कायमस्वरूपी जतन करावीत, जेणेकरून सज्ञान झाल्यावर त्यास आपल्या जन्ममूळाचा शोध घेता येईल.

८. संपूर्ण प्रक्रियेची मार्गदर्शिका मराठीसह सर्व अनुसूचित भाषांत प्रसिद्ध करावी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांतील कर्मचाऱ्यांना या विषयाचे प्रशिक्षण द्यावे.

वरील मागण्यांत कोणत्याही सुरक्षाविषयक अटीतून सूट मागितलेली नाही. जे मूल भारतात वाढते, भारतातील घराला आपले घर मानते आणि ज्याला त्या घरातील माणसे आपले अपत्य म्हणून स्वीकारू इच्छितात, त्याच्या हिताची तपासणी भारतातील सक्षम अधिकाऱ्याने करावी व त्यावर भारतातच निर्णय व्हावा, हे या निवेदनाचे सार आहे. तरी मंत्रालयाने या मागण्यांवर सहानुभूतीपूर्वक विचार करून अधिनियम व नियमावलीतील दुरुस्तीचा मसुदा लवकरात लवकर जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करावा आणि निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
महाराष्ट्रातील दत्तक पालक व दत्तकेच्छुक कुटुंबे
स्थळ : पुणे

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, नवी दिल्ली
२. मा. सचिव, गृह मंत्रालय, भारत सरकार
३. मा. सचिव, परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार