डोळ्यांनीं ऐकणारे रसिक

गेल्या उन्हाळ्यांत एका स्नेह्यांच्या नव्या घरीं चहाला जाण्याचा योग आला. बैठकीची खोली फार तर दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. पण तींत शिरतांच आपण कुणाच्या घरीं आलों आहोंत कीं एखाद्या लहानशा चित्रपटगृहांत, असा संभ्रम पडावा. समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत छातीइतक्या उंच काळ्या पेट्या, मध्यें दूरचित्रवाणीखालीं एक आडवी पेटी, पाठीमागें भिंतीवर आणखी दोन, आणि कोचाच्या बाजूला एक जाडजूड चौकोनी ठोकळा. यजमानांनीं प्रथम आम्हांस विमान उडतांना ऐकविलें, मग कांचा फुटतांना ऐकविल्या. बशींतला चमचा थरथरूं लागला तेव्हां त्यांची मुद्रा कृतार्थ झाली. मीं भीत भीत विनंती केली कीं, कांहीं गाणें लावावें. त्यांनीं मल्लिकार्जुन मन्सूरांचें गाणें लावलें. तंबोऱ्याच्या जागीं जात्याची घरघर ऐकूं येत होती, आणि बुवा कुठल्याशा आडाच्या तळाशीं बसून गात असावेत असें वाटत होतें. "कसा काय आवाज?" यजमानांनीं विचारलें. "छान!" मी म्हणालों.

हा लेख म्हणजे त्या 'छान'चें प्रायश्चित्त आहे.

स्नेह्यांनीं पैसे फार घातले, ही माझी तक्रार नव्हे. ज्याचा पैसा त्याचा. माझी तक्रार अशी कीं, गाण्यासाठीं घ्यावयाची वस्तु त्यांनीं आंकडे वाचून, आकार पाहून आणि विक्रेत्याच्या तोंडाकडे बघून घेतली. त्या सबंध व्यवहारांत ज्याची साक्ष काढावयास हवी होती, तो कान मात्र कोर्टाबाहेरच्या बांकावर बसून राहिला. बरें, हा एकट्या त्यांचा दोष म्हणावा, तर तसेंहि नाहीं. लुगड्याचा पोत बोटांनीं चाचपल्यावांचून पुढें न सरकणारीं, आंबा हुंगल्यावांचून पेटी घरांत न घेणारीं आपलीं सुशिक्षित माणसें स्पीकर घेतांना मात्र "किती वॅटचा?" एवढेंच विचारतात!

माझें म्हणणें थोडक्यांत असें. दहा-बारा फुटांच्या खोलींत गाणें ऐकावयाचें असेल, तर दोन लहान स्पीकर पुरे होतात. इंग्रजींत ज्यांना पुस्तकांच्या फळीवरचे स्पीकर म्हणतात, ते. आणि ते निवडावयाचे तर डोळ्यांआड ठेवून, दोहोंच्या आवाजाचा जोर सारखा करून, स्वतःच्याच खोलींत आणि माणसाच्या गळ्यावर पारखून निवडावेत. याहून निराळ्या रीतीनें जें होतें त्यास खरेदी म्हणावें. निवड म्हणूं नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "एवढ्याशा पेटींतून खर्जाचा भारदस्तपणा कसा यावा?" हा आक्षेप शिळा आहे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चूर या अमेरिकन संशोधकानें पेटी हवाबंद करून आंतल्या हवेलाच स्प्रिंगचें काम करावयास लावलें, आणि कपाटाएवढ्या पेटीवांचून खालचे स्वर निघत नाहींत ही समजूत तेव्हांच मोडीत निघाली. पुढें १९७५ च्या सुमारास बी.बी.सी.च्या इंजिनियरांनीं बाह्यप्रक्षेपणाच्या गाडींत मावावा म्हणून 'एल. एस. ३/५ ए' हा स्पीकर सिद्ध केला. त्याची उंची सुमारें ३० सेंटिमीटर आणि रुंदी १९. म्हणजे शब्दकोशाचे दोन-तीन जाड खंड शेजारीं शेजारीं उभे करावेत, एवढाच त्याचा देह. या संशोधकांची परीक्षेची एक रीत फार शहाणपणाची होती: माणसाचें प्रत्यक्ष बोलणें आणि स्पीकरांतून येणारें तेंच बोलणें ताडून पाहावयाचें. विमानें आणि फुटक्या कांचा त्यांना लागल्या नाहींत. (त्या मंडळींपैकीं दोघांनीं स्वतःचे कारखाने काढले, ते बायकांचीं नांवें आपल्या नांवांत गुंफून: स्पेन्सर आणि डोरोथी मिळून 'स्पेंडॉर', हारवुड आणि एलिझाबेथ मिळून 'हारबेथ'. घरांत पेट्यांचा पसारा मांडणाऱ्या नवऱ्यांनीं ही दक्षता अवश्य लक्षांत घ्यावी.)

आतां खर्जाचा हिशेबच करूं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकवर धरला, तर तो सेकंदाला सुमारें १३९ कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. लहान स्पीकर इथपर्यंत येतां येतां दमूं लागतो, हें मी मोकळ्या मनानें कबूल करतों. पण तंबोऱ्याचें वैभव त्या मूळ कंपनांत थोडें आणि जवारीमुळें उमटणाऱ्या वरच्या स्वरपंक्तींत फार आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आमच्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीची हीच किमया उलगडण्यासाठीं. हे वरचे अंशस्वर स्वच्छ आले, तर खालचा मूळ स्वर क्षीण असला तरी मेंदू तो आपल्या पदरचा घालून पुरा करतो. उलटपक्षीं, बारा फूट लांबीच्या खोलींत ४७ कंपनांच्या आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्यें अडकून घुमत राहतो. हा खोलीचा धर्म आहे, तो स्पीकरची किंमत विचारीत नाहीं. अशा खोलींत कोपरा गाठून छातीइतकी पेटी उभी करणें म्हणजे न्हाणीघरांत नगारा वाजविणें होय. स्नेह्यांच्या घरीं जी घरघर ऐकूं आली, ती तंबोऱ्याची नव्हती. ती त्यांच्या भिंतींची होती.

पण लहान स्पीकर तरी कसा घ्यावयाचा? मी एका दुकानांत गेलों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. हा विधि बहुतेक सगळीकडे सारखाच. वातानुकूलित खोली, भिंतींना गाद्यांसारखें जाड आच्छादन, खालीं गालिचा. आमच्या घरच्या उघड्या फरशीच्या खोलीची ती चुलत बहीणहि शोभली नसती. तेथें दहा-बारा जोड्या ओळीनें मांडलेल्या. विक्रेता अर्धा मिनिट ही वाजवी, अर्धा मिनिट ती वाजवी, आणि "फरक कळला ना, सर?" असें म्हणून माझ्याकडे अशा नजरेनें पाही, कीं 'नाहीं' म्हणणें म्हणजे आपल्या संस्कारांचा कमीपणा कबूल करणें. वाजविलें काय? गिटारच्या तारेचा एक टणत्कार आणि झांजांचा एक झणत्कार. मीं बरोबर नेलेल्या तबकडीस "तें जुनें रेकॉर्डिंग आहे, त्यांत कळणार नाहीं" असें उत्तर मिळालें. वस्तुतः जुन्यांतच कळतें! अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत वरच्या टोकाचे स्वर मुळांतच उतरलेले नाहींत, तेथें आहे ती खरखर. दुकानांत चकाकावा म्हणून ज्या स्पीकरचा वरचा आवाज मुद्दाम चढविलेला असतो, तो खाँसाहेबांना मागें सारून खरखरीलाच मैफलींत पुढें बसवितो.

यांतली खरी मेख वेगळीच आहे. आवाजाचें बटण तिथल्या तिथें ठेवून जोडी बदलली, म्हणजे दोहोंस समान न्याय मिळाला असें आपणांस वाटतें. तसें होत नाहीं. एक स्पीकर त्याच विजेवर दुसऱ्यापेक्षां ३ डेसिबल मोठा वाजत असेल, तर पहिल्यास दुप्पट शक्ति दिल्यासारखेंच तें होय. आणि आवाज मोठा झाला कीं कानाची चवच पालटते. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, हळू आवाजांत कानाला खालचे स्वर फार कमी ऐकूं येतात, आणि जोर वाढेल तसे ते भरत जातात. म्हणून किंचित् मोठी वाजणारी जोडी नेहमींच 'भरदार' वाटते. ग्राहक समजतो, मीं गुण पारखला. त्यानें पारखला केवळ मोठेपणा. पेटीवर छापलेल्या हजार-हजार 'पी. एम. पी. ओ.' वॅटांविषयीं तर लिहूंच नये. तो आंकडा म्हणजे लग्नाच्या बोलण्यांत सांगितलेली वरपक्षाची जमीन. 

येथें कुणी जाणकार म्हणतील, "हें नवशिक्यांपुरतें ठीक आहे, आमचे कान तयार आहेत." फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या जाणकारांनीं वाचावा. एका स्पीकर बनविणाऱ्या कंपनींतल्याच चाळीस माणसांना त्यांनीं चार स्पीकर ऐकविले. एकदां पडद्याआड, एकदां उघड्यावर. त्यांत एक लहान आणि स्वस्त संच होता. तो डोळ्यांना दिसतांच त्याचे गुण उतरले; मोठ्या आणि महागड्या पेट्यांना डोळ्यांची साक्ष मानवली. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. स्पीकरची जागा बदलली किंवा संगीत बदललें म्हणजे आवाजांत खरोखरीचे फरक पडतात. पडद्याआड ते श्रोत्यांच्या ध्यानांत येत होते, पण पेटी दिसूं लागल्यावर तेच कान त्या फरकांकडे दुर्लक्ष करूं लागले. म्हणजे डोळ्यांनीं कानाला चुकीचें सांगितलें एवढेंच नव्हे, त्याला गप्पहि बसविलें.

हें वाचून मीं घरीं परीक्षा मांडली, आणि तींत माझी जी फजिती झाली ती लपविण्याचें कारण नाहीं. दोन जोड्या चार दिवसांच्या बोलीवर घरीं आणल्या. एक दुसरीच्या तिप्पट किंमतीची. महाग जोडी मला फारच आवडली होती, इतकी कीं तसें एका मित्रास मीं लिहूनहि टाकलें होतें. खोलींत दोरी बांधून तीवर आईचें जुनें विरळ सुती लुगडें सोडलें. त्यानें आवाज थोडासा अडत असेल तर दोघांचा सारखाच अडेल. मुलीनें मोबाइलवरील ध्वनिमापकानें दोन्ही जोड्यांचा जोर जुळविला आणि पेट्यांची अदलाबदल तीच करी. आम्हांला कांहीं सांगावयाचें नाहीं असा करार होता. आधीं तिचेंच बोलणें ऐकलें, मग किशोरीताई आमोणकरांचें गाणें.

आईचें वय ब्याऐंशी. वरचे बारीक आवाज तिला आतां ऐकूं येत नाहींत, आणि म्हणूनच गेल्या तीन वर्षांत ती गाणें ऐकावयास बाहेरच्या खोलींत येईनाशी झाली होती. "नुसता गलका होतो," म्हणे. पण तरुणपणीं तंबोरा मांडीवर घेऊन ती शिकलेली. पहिली जोडी लागली. दोन मिनिटांनीं ती म्हणाली, "अरे, यांत किशोरी नाकांत गाते. आणि तंबोरा तिच्या पुढें कां आणून बसवलाय?" दुसरी लागली. यावर तिनें कांहींच म्हटलें नाहीं; डोळे मिटून मांडीवर बोटांनीं ठेका धरला. तीन वेळां अदलाबदल झाली, तिन्ही वेळां तिचा निकाल तोच. माझा निकालहि, लाजत सांगतों, तोच झाला. लुगडें ओढून पाहतों, तर नाकांत गाणारी जोडी तिप्पट किंमतीची! मित्रास दुसरें पत्र लिहावें लागलें.

महाग तें वाईट, असा सिद्धान्त मला यावरून काढावयाचा नाहीं. दुसऱ्या घरांत, दुसऱ्या दोन जोड्यांत, निकाल उलट लागेल. तो लुगड्याआड लागला असेल तर मला मान्य आहे. आणि "हें सगळें कशाला, मोबाइलमधूनहि ऐकूं येतेंच कीं," म्हणणाऱ्यांशीं माझें भांडण याहून मोठें आहे. मोबाइलमधून डग्गा ऐकूं येत नाहीं. त्याची फक्त बातमी येते. ज्या घरांत तबल्याला एकच हात उरला आहे, तेथील मुलांना ताल समजत नाहीं म्हणून वडिलांनीं कुरकुर करूं नये.

उरल्या किरकोळ गोष्टी. हजारों रुपयांच्या तारांचा मोह धरूं नये. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर तीन मीटर अंतरास नेली, तर तिचा जाऊन-येऊन रोध ओमच्या चार शतांशांहून फारसा अधिक भरत नाहीं, आणि आठ ओमच्या स्पीकरपुढें तो कुठल्याकुठें. शंकूभोंवतालची कड फोमची असेल, तर मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत ती कांहीं वर्षांत कुजून गळते; रबराची पाहून घ्यावी. आणि 'पुस्तकांच्या फळीवरचा' या नांवास भुलून पेटी खरोखरच पुस्तकांत कोंबूं नये. तिच्या पाठीशीं हवेसाठीं भोंक असेल, तर भिंतीपासून वीतदोन वीत तरी पुढें घ्यावी, आणि तिचा वरचा लहान शंकू बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस आणावा. आमच्याकडे त्यासाठीं दोन जुने स्टूल कामास आले.

आमचे ते स्नेही हा लेख वाचतीलच. त्यांना मीं आधींच फोन करून सर्व सांगितलें आहे. प्रथम ते रागावले; मग म्हणाले, "या घेऊन तुमच्या त्या दोन डब्या, पाहूं." 'ऐकूं' म्हणाले नाहींत, हें मीं मनांत टिपून ठेवलें. रविवारीं जावयाचें ठरलें आहे. आईहि येणार म्हणते. लुगडें तिनें धुऊन, घडी करून दाराशीं ठेवलें आहे.