विश्लेषण : ‘म्हातारीच्या केसां’ना गुलाबी रंग येतो कुठून?

जत्रेत मुले हट्टाने मागतात ते गुलाबी ‘म्हातारीचे केस’ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूत बंद झाले. मार्चमध्ये कर्नाटकने कृत्रिम रंगाची कॉटन कँडी आणि गोबी मंचुरियनवर बंदी घातली. तिथे कँडीच्या २५ पैकी १५ नमुने असुरक्षित निघाले होते. चर्चेत आला तो ऱ्होडामाइन-बी हा कापड आणि कागद रंगवण्याचा रंग. खाद्यपदार्थांत वापरायला त्याला भारतात परवानगी नाही.

इतका भडक रंग कशामुळे?

रेणूतले दोन अणू सहसा इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बांधलेले असतात. पण कार्बनी रेणूत एकेरी आणि दुहेरी बंध आलटूनपालटून आले, की काही इलेक्ट्रॉन दोघांपुरते न राहता अनेक अणूंवर पसरतात. हेच ‘डीलोकलाइज्ड’ इलेक्ट्रॉन. साधारणपणे पसारा जितका मोठा, तितक्या कमी ऊर्जेचा प्रकाश ते शोषतात. बेंझिनमध्ये पसारा सहा कार्बनपुरता असतो. ते अतिनील प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला रंगहीन दिसते. ऱ्होडामाइन-बीमध्ये तो एकमेकांना जोडलेल्या तीन कड्यांवर असतो. त्यामुळे सुमारे ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषला जातो आणि रंग गुलाबी दिसतो. हे शोषण इतके जोरदार असते, की किंचितशी पूडही पुरते.

मग हे इलेक्ट्रॉन घातक का?

नाही. हळदीतले कर्क्युमिन आणि गाजरातले बीटा-कॅरोटीन यांचा रंगही त्यांच्यामुळेच. आपल्याकडे परवानगी असलेल्या ८ कृत्रिम खाद्यरंगांचेही तेच. धोका ठरतो तो संपूर्ण रेणू शरीरात काय करतो यावर. ऱ्होडामाइन-बी टोचलेल्या उंदरांत काही प्रयोगांत गाठी आढळल्या. माणसात त्यामुळे कर्करोग होतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मात्र रोज खायला तो सुरक्षित आहे, असेही सिद्ध झालेले नाही.

नुसते पाहून ओळखता येतो का?

नाही. परवानगी असलेला एरिथ्रोसिनही गुलाबीच असतो आणि त्याचा सांगाडाही तीन कड्यांचाच. दोन्ही रंग वेगळे ओळखायला प्रयोगशाळाच लागते. गाडीवाल्याला मिळालेल्या पुडीत नेमके काय आहे, हे कदाचित त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे तपासणी फक्त गाडीवर करून भागणार नाही, ती रंग विकणाऱ्या दुकानापर्यंत जायला हवी.

तोवर सोपा उपाय म्हणजे पांढरे ‘म्हातारीचे केस’. त्यांवर कर्नाटकातही बंदी नाही. चव तर साखरेचीच असते.