तासभर गप्प बसा!

दवाखान्यात असे पुष्कळ रुग्ण येतात, ज्यांच्या तपासणीत काहीच सापडत नाही. छातीत धडधडते, डोके जड राहते, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. इ.सी.जी. नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल. मग 'डॉक्टर, झोपेची गोळी तरी लिहून द्या' असा आग्रह होतो. कधी थोड्या दिवसांसाठी ती द्यावीही लागते. पण अशांना मी आणखी एक उपाय सांगतो. लोणारला जा आणि विवराच्या काठावर तासभर गप्प बसा.

पुष्कळांना ही थट्टा वाटते. 'लोणार तर आम्ही लहानपणापासून पाहतो,' असे ते म्हणतात. पाहिले असेल, पण तिथे कधी बसलात का? एस.टी.तून उतरायचे, दैत्यसूदनाच्या देवळात डोकावायचे, काठावर फोटो काढायचे की परत!

हे विवर ज्या काळ्या कातळात आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थंड होऊन बनला. आपल्या शेतातली काळी माती याच कातळाची झीज होऊन झाली आहे. पुढे त्यावर एक अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. त्याचे वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास धरीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ते ५ लाख वर्षांहूनही अधिक आहे.

याचा आरोग्याशी संबंध काय? चिंता लागली की माणसाचा काळ आखडतो. उद्याचा हप्ता, मुलाचा निकाल, भावकीतला वाद यापलीकडे त्याला काही दिसत नाही. शरीर सतत पळण्याच्या तयारीत राहते. अॅड्रिनॅलिनमुळे नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो. शांत बसून श्वास संथ झाला की व्हेगस नावाची मज्जा आपले काम करू लागते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. घरी डोळे मिटूनही हे साधते. पण डोळे मिटताच ज्याचे मन अधिकच भटकते, त्याच्यासमोर काहीतरी जुने, न हलणारे असावे. लाखो वर्षे जागेवर असलेल्या त्या कड्याकडे पाहताना उद्याचा हप्ता नाहीसा होत नाही, पण त्याचा आकार खरा दिसू लागतो.

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

मात्र काही पथ्ये पाळावीत. ऊन चढण्यापूर्वी जावे, सोबत पाणी न्यावे. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी खाली न उतरता काठावरच बसावे. मोबाईल बंद ठेवावा. पहिली दहा-पंधरा मिनिटे चुळबुळ होईल, ती होऊ द्यावी. ब्लडप्रेशरची वा मधुमेहाची गोळी मनाने बंद करू नये. आणि ज्यांना जगणेच नकोसे वाटते, त्यांनी लोणारला नव्हे, आधी डॉक्टरांकडे यावे, तेही त्याच दिवशी. लोणार दूर पडत असेल तर गावाबाहेरचा जुना वड किंवा नदीकाठचा खडकही चालेल.

आता थोडे कटू बोलतो. लोणार हे अभयारण्य आहे. २०२० साली रामसर यादीत त्याची नोंद झाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान मिरवला. पण सुटीच्या दिवशी काठावर स्पीकर लावून नाच चालतो, त्याचे काय? पर्यटक यावेत, स्थानिकांना चार पैसे मिळावेत, याला माझा विरोध नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवती किमान १०० मीटर शांतता राखावी लागते. मग जिथे धडधाकट माणसाला आजारी पडण्यापूर्वीच विसावा मिळू शकतो, तिथे शांतता का नको? काठाचा एक तरी भाग केवळ बसण्यासाठी राखून ठेवावा. तिथे दुकान नको, गाणी नकोत, बाकडे नसले तरी चालेल. बसायला साडेसहा कोटी वर्षांचा कातळ आहेच.