हात कुणाचे, नाव कुणाचे?

मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसांना जादा पगाराच्या साचेखात्यात मज्जाव होता. का? तर नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी याचा जाब विचारला.

आमच्या भंडारा जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बहुतेक बायाच. मजुरी हजारावर, छाट निघाली की तीही कमी. १९६६ च्या कायद्याने घरी बिडी वळणारीलाही कामगार मानले. पण कार्ड नवऱ्याच्या नावावर असेल, तर तिचा भविष्यनिर्वाह निधीही त्याच्याच नावावर जमतो.

बंधूंनो, घरातले कार्ड आजच काढून पाहा. जिची बोटे झिजतात, तिचेच नाव त्यावर आहे ना?